ऑक्सिजन चालू, तरी आकडा उतरतो आणि सकाळी डोकं जड: घरी काय काय तपासायचं

पहाटे साडेतीन. ऑक्सिमीटरवर ८३. मशीन चालू, नळी नाकात, बाटलीत बुडबुडे येतायत, आणि तरी ८३. अशा वेळी कुणीही जे करेल तेच आम्ही केलं. कॉन्सन्ट्रेटरचा, म्हणजे खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या मशीनचा, फ्लो मिनिटाला एकवरून तीन लिटरवर नेला. दहा मिनिटांत आकडा ९६ झाला. सगळे हुश्श करून झोपले.

सकाळी सासूबाई उठल्या त्या डोकं धरूनच. चहा पिताना बशी हातातून कलंडली. मला दोनदा माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारली. दुपारी बोलता बोलता डोळे मिटायला लागले. सासरे म्हणाले, "रात्रभर झोप नाही, झोपू दे तिला." संध्याकाळी त्या उठेनात तेव्हा गाडी काढली. हॉस्पिटलमध्ये एबीजी केली, म्हणजे मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन तपासलं, तर कार्बन डायऑक्साइड ७८. तो ३५ ते ४५ च्या दरम्यान असायला हवा.

हे आमच्याकडे एका वर्षात तीनदा झालं आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. ज्यांच्या घरात सीओपीडीचा (श्वासनलिका अरुंद होत जाणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) पेशंट ऑक्सिजनवर किंवा बायपॅपवर (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) आहे, त्यांच्यासाठी सगळं लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. सातारच्या बाजूच्या एका गावात सासूचं मशीन सांभाळणारी सून आहे. त्यामुळे लिटरचा, प्रेशरचा कुठलाही आकडा माझ्याकडून उचलू नका. काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने, एवढंच घ्या.

आधी तो ७८ चा आकडा कुठून आला ते. सासूबाईंनी आयुष्यात विडी ओढली नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढे काढली. फुफ्फुसं दोन कामं करतात: ऑक्सिजन आत घेणं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं. आमच्या डॉक्टरांनी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं, "आजी, तुमच्या चुलीला हवा कमी पडते हे खरं, पण तुमचं धुराडंही बुजलंय. नुसती फुंकणी मारून काय होणार?" ऑक्सिजन ही फुंकणी. अशा पेशंटला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर फुफ्फुसाच्या निकामी भागांकडेही रक्त वळतं, रक्तातलं हिमोग्लोबिन धरून ठेवलेला कार्बन डायऑक्साइड सोडतं, श्वासाचा जोरही थोडा कमी होतो. ऑक्सिमीटरला यातलं काही दिसत नाही. तो फक्त ऑक्सिजन मोजतो. ९६ हा आकडा आम्हाला पास झाल्यासारखा वाटला होता, पण त्यांच्यासाठी तो धोक्याचा होता. त्यांना ठरवून दिलेली हद्द ८८ ते ९२ आहे. कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या बहुतेक पेशंटना हीच देतात. पण फुफ्फुसाचे सगळे आजार असे नसतात. तुमच्या पेशंटची हद्द डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. हे वाचून घाबरून ऑक्सिजन बंद करू नका. ऑक्सिजन खरोखर कमी पडला तर तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा लवकर जीव घेतो. आकडा हद्दीखाली गेला तर फ्लो किती वाढवायचा, किती वेळ, आणि कधी सरळ निघायचं, हेही त्याच कागदावर हवं. आमच्याकडे तो कागद नव्हता, म्हणून एकाचा तीन झाला.

आता पहिल्यांदा काय झालं होतं? बाटलीचं झाकण. आमच्या मदतीला येणारी बाई दर रविवारी ह्युमिडिफायरची बाटली, म्हणजे ऑक्सिजन ओलसर करणारी पाण्याची बाटली, घासून लख्ख करायची. त्या रविवारी झाकण लावताना आटे चुकले. वरून घट्ट वाटतं, पण एका बाजूने तिरकं. मशीनमधून एक लिटर निघत होता, त्यातला बराचसा झाकणातूनच पसार होत होता. आत बुडबुडे मात्र छान दिसत होते, कारण हवा पाण्यातून वर येऊन मग गळत होती. त्या रात्री आम्ही बुडबुड्यांवर विश्वास ठेवला.

हे ओळखायची युक्ती मशीन दुरुस्तीच्या माणसाने दाखवली आणि ती आता घरातल्या शाळकरी पोरालाही येते. मशीन चालू ठेवून बाटलीतून निघणारी नळी दोन बोटांत दाबून धरायची. बाटलीच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून काही सेकंदांत शिट्टीसारखा किंवा फुर्रर्र असा आवाज यायला हवा. आवाज आला तर झाकण ठीक. आवाज नाही आणि बुडबुडे तसेच चालू, तर हवा झाकणातून पळतेय. झाकण पूर्ण काढायचं, आधी उलटं फिरवून आटा 'टक्' करून बसला की मग सुलटं आवळायचं. मी नेलपॉलिशचा एक ठिपका झाकणावर आणि एक बाटलीवर दिलाय. दोन्ही एका रेषेत आले की झाकण बरोबर.

त्या वेळी घरी सोडताना बायपॅप दिला. ऑक्सिजन पुरवणं वेगळं आणि श्वासाला जोर देणं वेगळं. बायपॅप श्वास घेताना जास्त दाबाने आणि सोडताना कमी दाबाने हवा देतो, म्हणजे आमचं बुजलेलं धुराडं रात्रभर मोकळं करतो. मशीन महाग, सासरे कुरकुरले. तेव्हा डॉक्टरांनी ब्रिटनमधल्या २०१७ च्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. ११६ पेशंट होते, सगळे असेच, ॲडमिट होऊन घरी आल्यावरही कार्बन डायऑक्साइड चढलेला राहिलेले. नुसत्या ऑक्सिजनवर घरी गेलेल्यांमध्ये पुन्हा ॲडमिट व्हायला किंवा मृत्यूला मध्यक (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) १.४ महिने लागले, आणि सोबत बायपॅप असलेल्यांमध्ये ४.३. सासऱ्यांनी काही न बोलता पासबुक काढलं.

दुसऱ्यांदा, साधारण दोन महिन्यांनी, पुन्हा तेच. पहाटे ८४, सकाळी डोकं जड. सोबत एक नवी तक्रार, डोळ्यांची आग आणि लाली. आम्हाला वाटलं डोळे आलेत. खरं कारण कवळी निघालं. हॉस्पिटलमध्ये मास्कचं माप घेतलं तेव्हा कवळी तोंडात होती. घरी सासूबाई रोज रात्री कवळी काढून वाटीत ठेवतात. मग गाल बसतात, मास्कच्या कडेला फट पडते, आणि बायपॅपची हवा तिथून थेट डोळ्यांत. दाब गळाला, सोबतचा ऑक्सिजनही गळाला. आमचा पुतण्या पट्टे आवळत बसला, तर नाकाच्या हाडावर लाल वळ उठला आणि गळती तशीच. पट्टा आवळून गळती थांबत नाही, मास्कची उशी चुरगळून उलट वाढते. मास्क जसं झोपतात तसंच, आडवं करून, कवळी काढून, मशीन चालू ठेवून बसवायचा. खालचे पट्टे आधी, मग वरचे, आणि पट्ट्याखाली एक बोट सरकलं पाहिजे. आम्हाला शेवटी एक माप लहान लागला. त्या वेळी फ्लोला कुणी हात लावला नाही, त्यामुळे हॉस्पिटल टळलं.

तेल, व्हॅसलिन, बाम चेहऱ्याला लावून मास्क नको. एक तर तो घसरतो, आणि दुसरं म्हणजे ऑक्सिजनजवळ तेलकट पदार्थ पेट घेऊ शकतात. ओठ फुटले तर पाण्यात मिसळणारं मलम मागा.

तिसरी वेळ सगळ्यात फसवी होती, कारण तेव्हा आकडा उतरलाच नाही.

मास्कची उशी फाटली. पुरवठादाराला फोन केला, "फुल फेस, मीडियम", आणि दुसऱ्या दिवशी मास्क घरपोच. दिसायला तोच. रात्री आकडा ९१, ९२, अगदी हवा तसा. आणि रोज सकाळी डोकं दुखतंय. चौथ्या दिवशी जेवताना हातातला घास थरथरायला लागला. त्यांना हात पुढे करून पंजे मागे वळवायला सांगितलं तर बोटं पाखराच्या पंखासारखी फडफडली. ही खूण मला पहिल्या वेळी नर्सने दाखवली होती. तडक निघालो. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मास्क हातात घेतला, फिरवून बघितला आणि विचारलं, "याला भोकं कुठायत?"

घरच्या बायपॅपला एकच नळी असते. आत येणारी हवा त्याच नळीतून येते. मग सोडलेला श्वास जाणार कुठे? मास्कवर किंवा नळीच्या जोडावर मुद्दाम ठेवलेली बारीक भोकं असतात, त्यातून तो सतत बाहेर पडतो. हॉस्पिटलच्या मोठ्या व्हेंटिलेटरला श्वास सोडायची वेगळी सोय असते, म्हणून तिथले मास्क बिनभोकांचेही असतात. त्यांना नॉन-व्हेंटेड म्हणतात, आणि नळी जोडायचा वाकडा तुकडा बऱ्याचदा निळा असतो. आमच्याकडे तसा मास्क आला होता. चार रात्री त्या आपलाच सोडलेला श्वास परत घेत होत्या. ऑक्सिजन जोडलेला असल्यामुळे आकडा सुंदर दिसत होता.

पुरवठादार म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगितलं नाही." बरोबर आहे, मी सांगितलं नाही, मला माहीतच नव्हतं. आता मागवताना 'व्हेंटेड' हा शब्द बोलते, व्हॉट्सॲपवर लिहून पाठवते, आणि आल्यावर मशीन लावून भोकांपुढे हाताचा तळवा धरते. हवेची फुंकर लागली पाहिजे. कोविडनंतर पुष्कळ घरांत माळ्यावर मास्क पडून आहेत आणि नातेवाईक प्रेमाने आणून देतात. तळवा धरल्याशिवाय कुणाचाही मास्क चेहऱ्यावर चढवू नका. आणि भोकांतून हवा येते म्हणून त्यावर चिकटपट्टी लावणारेही भेटलेत मला. तेही नको.

या तीन फेऱ्यांनंतर आमच्याकडे आकडा खाली दिसला की हात आधी बोटाकडे जातो, फ्लोच्या बटणाकडे नाही.

बोट म्हणजे खरंच बोट. जानेवारीत आमच्याकडे पहाटे हात बर्फ असतात आणि ऑक्सिमीटर वाट्टेल ते दाखवतो. तळहात चोळून गरम करा, क्लिप लावून हात स्थिर ठेवा, पूर्ण मिनिट थांबा. ऑक्सिमीटरवरची नाडी आणि मनगटावर घड्याळ लावून मोजलेली नाडी जुळत नसेल तर वरचा आकडा धरायचाच नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सासूबाईंनी हौसेने मेंदी काढली, तर दहाही बोटांवर आकडे इकडेतिकडे. हल्ली एका बोटाला मेंदी आणि नेलपॉलिश दोन्ही वर्ज्य. चांगल्या ऑक्सिमीटरमध्येही दोनेक अंकांचा फरक राहतो, त्यामुळे ८९ चा ८८ झाला म्हणून कुणाला उठवू नये. सावळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा थोडा जास्तही दाखवू शकतो.

मग नळी. कॉटच्या पायाखाली, दाराच्या फटीत, गोधडीच्या घडीत ती सापडते. नाकातल्या दोन टोकांचा बाक खाली, नाकाच्या आतल्या दिशेने हवा. झोपेत फिरून ती बरेचदा गालावर फुंकत असतात. शंका असेल तर फुलपात्रात पाणी घेऊन टोकं बुडवा. बुडबुडे आले तर हवा तिथपर्यंत पोचतेय. आली ती हवा किती शुद्ध आहे हे मात्र फुलपात्र सांगणार नाही. नळीत पाण्याचे थेंब साठले असतील तर बाटली 'मॅक्स' खुणेच्या वर भरली गेलीय. पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड, बोअरचं नाही. आम्ही पाणी रोज बदलतो, नळी दोनेक आठवड्यांनी. ओसरीपर्यंत फिरता यावं म्हणून सासऱ्यांनी बाजारातून नळीचं अख्खं भेंडोळंच आणलं होतं. मशीनच्या माहितीपत्रकात लांबीची मर्यादा असते, त्यापुढे जोड देऊ नका.

मशीनचं पाहणं थोडं जास्त आहे. कॉन्सन्ट्रेटर ऑक्सिजन तयार करत नाही. खोलीतल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो; आतल्या झिओलाइटच्या नळकांड्या नायट्रोजन धरून ठेवतात आणि साधारण ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन पुढे सोडतात. तेव्हा मशीनला हवा ओढायला जागा हवी: भिंतीपासून हातभर लांब, पडद्यामागे नाही, स्वयंपाकघरात तर नाहीच. मागचा स्पंजचा फिल्टर आम्ही आठवड्याला धुतो आणि पूर्ण वाळवून बसवतो. आमच्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत फडात पाचट पेटवतात तेव्हा तो दोन दिवसांत काळा होतो. काचेच्या नळीतली गोळी डोळ्यांच्या रेषेत आणून वाचायची, गोळीचा मध्य रेघेवर. सासरे उभ्या उभ्या वरून बघायचे आणि त्यांचा 'एक' खरं तर पाऊण असायचा. झिओलाइट वर्षांनी थकतं, दमट हवेत लवकर. मग गोळी बरोबर जागी, बुडबुडे बरोबर, आणि ऑक्सिजन पातळ. शुद्धतेचा पिवळा दिवा असेल तर तो पाहा, आणि सर्व्हिसिंगला येणाऱ्याला ॲनालायझर घेऊन यायला सांगा. तुमच्या नेहमीच्या फ्लोवर टक्केवारी मोजून वहीत लिहायला लावा. नुसता पंखा पुसून पाचशे रुपये नेणारे येतात.

हे सगळं ठीक निघालं आणि आकडा तरी खाली, तर बिघाड मशीनमध्ये नाही, पेशंटमध्ये आहे. कफाचा रंग हिरवा-पिवळा झालाय का, ताप आहे का, घोट्यांना बोट दाबलं तर खड्डा राहतो का, इनहेलरचा पंप घ्यायचा चुकला का. आणि एक प्रश्न हमखास विचारा: झोपेची गोळी किंवा खोकल्याचं औषध कुणी दिलं का? आमच्या शेजारच्या काकूंनी एकदा मायेने "रात्री शांत झोप लागेल" म्हणून स्वतःची गोळी दिली होती. झोप आणणारी बरीच औषधं, कोडीन असलेली खोकल्याची सिरपं श्वासाचा वेग आणखी मंद करतात.

धाप लागली म्हणजे आकडा पडलाच असंही नाही. मोरीतून चालत आल्यावर त्या धापा टाकतात आणि आकडा ९० असतो. तेव्हा खुर्चीत पुढे वाकून कोपर गुडघ्यांवर, शीळ घालताना करतो तसे ओठ करून सावकाश श्वास सोडणं, आणि तोंडावर छोट्या पंख्याचा वारा, एवढ्याने चार मिनिटांत उतार पडतो. मोरीत आता प्लास्टिकचं स्टूल आहे.

लाईट. आमच्या गावात ती जाते, यात बातमी काही नाही. पाच लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट खातं. ऑक्सिजन दिवसाला किमान १५ तास घ्यायचा असतो, हा नियम १९८० आणि १९८१ साली अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये झालेल्या अभ्यासांवरून आला. म्हणजे दिवसाला सव्वापाच युनिट, महिन्याला १६० च्या आसपास. बिल बघून मध्येच मशीन बंद ठेवणारे असतात, त्यापेक्षा हिशेब आधीच केलेला बरा. १५० एएचच्या बॅटरीवर आमचा इन्व्हर्टर कॉन्सन्ट्रेटर तीन तास कसाबसा ओढतो. साइन वेव्हचाच घ्या. त्यापुढे सिलिंडर. दीड घनमीटरचा बी टाइप म्हणजे १,५०० लिटर, एक लिटरने २५ तास, दोनने साडेबारा. सिलिंडर उघडायच्या पान्याची जागा ठरलेली हवी, अंधारात पाना शोधणं काय असतं ते मी अनुभवलंय. बायपॅप चालू असताना लाईट गेली आणि बॅकअप लागला नाही, तर सगळ्यात आधी मास्क काढायचा, मग नळी, मग टॉर्च.

देवघर सासूबाईंच्या खोलीतून हलवावं लागलं. यावरून घरात आठवडाभर अबोला होता. पण ऑक्सिजनची नळी नाकात आणि पुढ्यात निरांजन, हे चालणारच नाही. विडी, गॅस, उदबत्ती, सगळं दूर. उदबत्तीचा धूर तसाही त्यांच्या छातीला सोसत नव्हता.

ज्या खुणा दिसल्या तर तपासत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा: हाक मारूनही नीट जागं न होणं, असंबद्ध बोलणं, ओठ-नखं निळसर पडणं, एक वाक्यही पुरं बोलता न येणं. गाडी येईपर्यंत ऑक्सिजन काढायचा नाही, ठरलेल्या फ्लोवर ठेवायचा. पेशंट शुद्धीवर असेल, उलटी होत नसेल आणि डॉक्टरांनी आधी तसं सांगितलेलं असेल तर बायपॅप लावायचा.

आणि गाडीत एक काम. तिथला माणूस घाईत मोठा मास्क लावून ऑक्सिजन पूर्ण सोडतो. त्याचा दोष नाही, त्याला पेशंट माहीत नसतो. ब्रिटनमध्ये अशा पेशंटजवळ ऑक्सिजन अलर्ट कार्ड देऊन ठेवतात. आम्ही घरीच केलं. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत: 'सीओपीडी, कार्बन डायऑक्साइड साठतो, लक्ष्य ८८–९२, घरी १ लिटर, रात्री बायपॅप', खाली बायपॅपची दोन्ही प्रेशर, शेवटच्या एबीजीची तारीख आणि आकडे. वर प्लास्टिकचं कव्हर. ते सासूबाईंच्या उशीखाली असतं, आणि बायपॅपची पिशवी, चार्जर आणि मास्कसकट, कॉटला अडकवलेली. परवा त्यांनीच मला विचारलं, "माझं आधारकार्ड कुठाय?" मी कपाटातून काढून दिलं, तर म्हणाल्या, "हे नव्हं गं. अठ्ठ्याऐंशीवालं."